परभणीच्या उन्हात गांडुळं जगतील का?

पत्र: नमस्कार. परभणीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरात चौघं: मी, हे, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. फेब्रुवारीच्या शेवटी मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी गांडूळखताचा काळा प्लास्टिकचा डबा ऑनलाइन मागवला. सोबत अर्धा किलो गांडुळं आली. पश्चिमेच्या गॅलरीत डबा ठेवला आणि स्वयंपाकघरातला सगळा ओला कचरा त्यात टाकत गेले. महिनाभर बरं चाललं. एप्रिलमध्ये असा वास सुटला की शेजारणीने दार लावून घेतलं. झाकण उघडलं तर गांडुळं गुंतवळ होऊन मेलेली. सासूबाई म्हणतात, ‘शेतातलं शेतात ऱ्हाऊ द्यावं, घरात कुणी किडे पाळतं का?’ हे नुसते हसतात. डबा अजून तसाच पडलाय. मला परत करून बघायचंय, पण या वेळी घराच्या आत. जमेल का? व्हिडिओत दही घालायला सांगतात, ते घालावं का? सासूबाईंना कसं समजवू? आणि मुलगा विचारतोय, गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळं होतात का?
– एक वाचक, परभणी

ताई,

जमेल. मात्र आधी मागच्या वेळी काय झालं ते नीट कळू द्या, नाहीतर पुढचा एप्रिलही तसाच जाईल.

तुमची गांडुळं उकडून मेली. रोगबिग काही नव्हता. गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते कातडीतून श्वास घेतं, आणि कातडी ओली असेल तरच हवा आत जाते. ऑनलाइन डब्यांबरोबर बहुतेक वेळा आयसेनिया फेटिडा जातीची बारीक, लालसर गांडुळं येतात. ती साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसला सुखात असतात, तिशीच्या पुढे सुस्तावतात आणि पस्तिशी ओलांडली की मरायला लागतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. त्यात पश्चिमेची गॅलरी, काळं प्लास्टिक आणि दुपारी तीनचं ऊन. जगात जर्मनी अन् भारतात परभणी असं आपण कौतुकानं म्हणतो, पण या बाबतीत जर्मनीचं वेळापत्रक परभणीत चालत नाही. असले बरेचसे व्हिडिओ थंड हवेतल्या लोकांनी केलेले असतात. त्यांची सगळी काळजी बर्फ पडल्यावर डबा कुठे ठेवायचा याची. आपली काळजी बरोबर उलटी.

दुसरं कारण तुमच्या पत्रातल्याच एका शब्दात आहे: ‘सगळा’. सगळा ओला कचरा त्या डब्यात गेला. भाजीपाला कुजताना स्वतः तापतो. शेणाचा ढीग उकरल्यावर निघणारी वाफ तुमच्या सासूबाईंनी पुष्कळदा पाहिली असेल, तसंच ते. गांडुळांच्या खाण्यापेक्षा जास्त माल पडला की तो आत दाबला जातो, ओला गच्च होतो, हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. वास त्यांचा. तो यायला लागला तेव्हा गांडुळं बहुधा कडेला, झाकणाला चिकटून बाहेर पडायची वाट शोधत असतील. वास आला की आपण झाकण आणखी घट्ट लावतो, आणि उरलीसुरली हवाही जाते.

आता हिशेब करू, कारण डबे विकणारे तो कधी सांगत नाहीत. ढोबळ मानाने एक चौरस फूट पसरट जागेमागे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर कचरा जिरतो. खोलीचा फायदा नाही. ही गांडुळं वरच्या थरात राहून खातात, म्हणून उंच डबा घेणं म्हणजे पैसे वाया. चौघांच्या घरात भाजी निवडून, फळं चिरून, चहाचा चोथा धरून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असं समजा. आठवड्याला साडेतीन किलो. घरात मावेल असं दोन-अडीच चौरस फुटांचं भांडं त्यातला फार तर किलोभर खाईल. राहिलेला अडीच किलो घंटागाडीत, ओला वेगळा करून. हे ऐकून हिरमुसू नका. त्या किलोभरातून तुमच्या कुंड्यांना पुरेल एवढं खत निघतं. घरातला कचरा शून्यावर आणायचा हट्ट धरून गांडुळं पाळायला गेलं, की कचराही राहतो आणि गांडुळंही जातात.

डबा अजून पडलाय म्हणता. तो फेकू नका, गटारीत तर मुळीच ओतू नका. आतला माल पसरट टोपल्यात काढा, सावलीत पातळ पसरा, वास उडेपर्यंत दोन-तीन दिवस हलवत राहा आणि मग महिनाभर नुसता दमट ठेवा. गांडुळं मेली तरी त्यांचे अंड्यांचे कोष, मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबासारखे टोकदार, पिवळसर दाणे, पुष्कळदा तग धरतात. गांडुळापेक्षा ते चिवट असतात. बरी हवा मिळाली की साधारण तीन आठवड्यांत एकेका दाण्यातून दोन-चार बारीक पांढरट पिल्लं निघतात. निघाली तर तुमचे पैसे वाचले. नाही निघाली तर तो माल वाळवून कुंडीच्या मातीत मिसळून टाका.

हे उत्तर तुमच्या हातात पडेल तेव्हा मृग लागलेला असेल. गांडुळं लगेच आणू नका. दोन-तीन पाऊस होऊन रात्री पांघरूण घ्यावंसं वाटेपर्यंत थांबा, म्हणजे बहुधा जुलैचा मध्य. तोवर जागा आणि अंथरूण तयार करायचं. जुलैत सुरू केलं की उन्हाळ्यापूर्वी सात-आठ महिने मिळतात. तेवढ्यात गांडुळं रुळतात, त्यांची पिल्लं मोठी होतात (पिल्लू वयात यायला दीड-दोन महिने लागतात) आणि तुम्हालाही त्यांचं कळायला लागतं. फेब्रुवारीत सुरुवात करणं ही आपल्या भागातली सगळ्यात वाईट वेळ आहे, आणि दर वर्षी लोक नेमके तेव्हाच करतात, कारण हिवाळ्यात बागेचा उत्साह आलेला असतो.

जागेसाठी सासूबाईंना विचारा. हे त्यांना गोड बोलून वळवायचं कारस्थान म्हणून सांगत नाही. घरात पिण्याच्या पाण्याचा माठ कुठे ठेवला की पाणी गार राहतं, हे प्रत्येक घरात एका माणसाला बरोबर माहीत असतं, आणि तुमच्याकडे ते माणूस त्याच असणार. ऊन न येणारा, वारा लागणारा, भिंत न तापणारा तो कोपरा. गांडुळांना तोच हवा. शक्यतो उत्तरेकडची भिंत, फरशीवर, कारण उन्हाळ्यात खोलीतली गरम हवा वर जमते. वर गच्चीचा स्लॅब असेल तर त्या खोलीत माळ्यावर किंवा शेल्फवर काही ठेवायचं नाही. न्हाणीघर टाळा, तिथे फिनाईल आणि साबणाचं पाणी उडतं. सिंकखालची जागा थंड असते, पण झुरळांचा फवारा तिथेच मारला जातो. फवारा, लक्ष्मणरेषा, डासांची अगरबत्ती यांतलं काहीही त्या कोपऱ्यात नको. आणि देवघराच्या भिंतीला लागून ठेवू नका. जागा त्यांनी निवडलेली असली की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

उरलेलं निम्मं वासाचं आहे, आणि त्यात सासूबाईंचं म्हणणं खरं होतं. एप्रिलमध्ये घरात खरोखरच घाण वास आला. त्यावर ‘गांडूळखत किती चांगलं’ असं व्याख्यान देऊन काय होणार? त्यांना एवढंच सांगा की वास आला तर त्याच दिवशी भांडं खाली जाईल, आणि तो शब्द पाळा. नीट चाललेल्या गांडूळखताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. शेणखत मुरलं की नाही हे ज्या बाईला नाकाने कळतं, तिच्याइतकी चांगली राखण तुम्हाला दुसरी मिळायची नाही.

भांडं कोणतं? काळा डबा पावसाळ्यात आणि थंडीत घरात चालेल. पण मी तुम्हाला भाजीवाल्यांचं कॅरेट घ्यायला सांगेन, टोमॅटोचं असतं तसलं, साधारण दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर उंच. मोंढ्यात बारदाना विकणाऱ्यांकडून तागाची दोन पोती आणा. पूर्वी ज्वारी-हरभरा भरलेली असली तरी चालतील, खताची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची नकोत. एकावर एक अशी दुहेरी करून कॅरेटच्या आतून अंथरा आणि वरून झाकायला पुरेल एवढा भाग मोकळा सोडा. कॅरेटखाली चार विटा, विटांखाली जुनी परात.

प्लास्टिकचा डबा ओल धरतो, पण त्याला घाम येत नाही. पोत्याला येतो. कॅरेटच्या जाळीतून वारा पोत्याला लागतो, ओल उडते, आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. दारातल्या कूलरमागे हेच गणित आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की सतत ओलं ठेवलेलं पोतं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश सहज खाली ठेवतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. मराठवाड्यात ती चालते. ताग हळूहळू कुजतो आणि गांडुळं तोही खातात, म्हणून सहा-आठ महिन्यांनी पोतं बदलावं लागेल. मातीची पसरट कुंडीही छान, फक्त एकीत फार थोडं मावतं, दोन-तीन लागतील.

अंथरूण म्हणजे गांडुळांचं घर. निम्मा भाग वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि फाडलेला पुठ्ठा (चकचकीत रंगीत कागद नको), पाव भाग वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या बारीक करून, पाव भाग जुनं शेण. गावाकडून सोयाबीनची किंवा तुरीची गुळी (मळणीनंतरचा भुसा) आणता आली तर पाल्याऐवजी उत्तम. शेण पंधरा-वीस दिवसांचं, वाफ गेलेलं हवं. ताजं शेण आत गरम होतं आणि एप्रिल पुन्हा जुलैत येतो. त्यात मूठभर शेतातली माती टाका. गांडुळाला दात नसतात. पोटातल्या जात्यासारख्या पिशवीत ते अन्न दळतं, आणि दळायला त्याला कच लागते. शिवाय आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे कचरा आंबट व्हायला लागला तर तीच सावरते. ज्यांच्या घरी अंडी येत नाहीत त्यांना अंड्याच्या टरफलाची पूड शोधत बसायला नको. पण मूठभरच. काळी माती जास्त झाली की भिजून चिकट लगदा होतो आणि हवा बंद होते. पानाचा चुना मात्र चुकूनही नको, त्याने गांडुळं भाजतात.

हे सगळं भिजवा, पिळा आणि मोकळं करून कॅरेटमध्ये सात-आठ इंच भरा. मुठीत दाबलं तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. पाण्याचं जरा बघा. तुमच्या घरी शुद्धीकरणाचं यंत्र असेल तर त्यातून वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार साठलेले असतात. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी तर त्याहून वाईट. रोज पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बऱ्यापैकी निघून जातं. पाणी चार-सहा दिवसांनी येत असेल तर तांदूळ धुतलेलं पाणी थोडं थोडं चालतं. एकूण लागतं किती? पावसाळ्यात आणि थंडीत आठवड्याला तांब्या-दोन तांबे, बस. ज्या भागात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाण्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे, म्हणून सांगितलं.

अंथरूण भरून दोन आठवडे तसंच ठेवा. रोज मध्ये हात घालून बघा. कोमट लागतंय तोवर गांडुळं आणायची नाहीत.

गांडुळं परभणीत राहून ऑनलाइन कशाला मागवता? गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चौकशी करा, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा गांडूळखताचे बेड असलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. आपल्या हवेत दोन-चार उन्हाळे काढलेली गांडुळं कुरिअरने आलेल्यांपेक्षा केव्हाही बरी. पाव किलो पुरेत. ती दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खातात असं धरलं तर सव्वाशे ग्रॅम होतं, म्हणजे तुमच्या कॅरेटच्या हिशेबात बरोबर बसतं. कुणी युड्रिलस म्हणून मोठी, जांभळट चमक असलेली गांडुळं देऊ करेल. ती उबेत भराभर वाढतात, पण थंडीला नाजूक, आणि बिनसलं की रात्रीत निघून जातात. डिसेंबर-जानेवारीत आपला पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर उतरतो हे विसरू नका. घरासाठी आयसेनियाच बरी. पावसात अंगणात दिसणारी गांडुळं मुलाने गोळा करून आणली तर प्रेमाने परत सोडायला लावा. ती जमिनीत खोल बिळं करून राहणारी, कॅरेटात टिकत नाहीत.

आणताना सकाळची वेळ, ओल्या अंथरुणासकट कापडी पिशवीत. प्लास्टिकची पिशवी गाठ मारून एसटीच्या इंजिनाजवळ ठेवली तर घरी येईपर्यंत खेळ खलास. पहिल्या दोन-तीन रात्री त्या खोलीत छोटा दिवा चालू ठेवा. गांडुळं उजेडाला भितात, त्यामुळे अनोळखी जागेतून पळण्याऐवजी खाली मुरतात.

आता खाण्याचं. पहिला आठवडा काहीच नाही. अंथरूणच त्यांचं जेवण. मग मूठभर बारीक चिरलेला कचरा एका कोपऱ्यात, दोन-तीन इंच खाली पुरायचा आणि वर कागदाची पट्टी. पुढची मूठ दुसऱ्या कोपऱ्यात. चौथा कोपरा झाला की पहिल्याकडे या आणि उकरून बघा. तिथलं ओळखू येत असेल, देठाला देठ म्हणता येत असेल, तर आज काही घालायचं नाही. वारावर जाऊ नका, कोपऱ्यावर जा.

मेथी, पालक, अंबाडी, चुका यांची देठं, दुधी-दोडक्याच्या साली, केळ्याची साल, टरबुजाची पांढरी साल, पपई, सगळं चालतं. टरबूज तर त्यांना इतकं आवडतं की सालीखाली गोळाच जमतो. चहाचा चोथा उत्तम, फक्त दूध-साखर धुऊन टाका, नाहीतर मुंग्यांना आमंत्रण. देवाची फुलं चालतात. दोरा काढा, आणि हळदीकुंकवाने माखलेली वेगळी ठेवा. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं, त्यामुळे शिळा चतकोर भिजवून कधीतरी घालता येतो. पण शिळ्या भाकरीला खाणारं दारात दुसरं कोणीतरी असतंच.

मीठ, तेल, मसाला घातलेलं काही नको. वरण, भाजीचा रस्सा, लोणचं, ठेचा, येळवशीची (वेळा अमावास्येची) उरलेली भज्जी, यातलं काहीही नाही. मिठाने गांडुळाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मटण-मासे नकोत. मोसंबी-संत्री-लिंबाच्या साली मोठ्या प्रमाणात नकोत. मोसंबीच्या दिवसांत जालन्याकडचा पाहुणा पोतंभर घेऊन आला तर साली घंटागाडीत. कांद्या-लसणाचा ओला भाग आणि मिरच्याही नकोत. सीताफळाच्या बिया आणि आंब्याच्या कोयी लवकर कुजत नाहीत, नुसती जागा अडवतात. आंब्याच्या साली थोड्या आणि खोल पुरूनच, कारण चिलटं.

चिलटांचं म्हणाल तर त्यांची अंडी केळ्या-आंब्याच्या सालीवर बाजारातूनच येतात. साली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग वापरल्या तर बरीचशी मरतात. सासूबाईंचा फ्रीजवर हक्क असेल तर हा विषय काढू नका. खोल पुरा आणि वर दोन इंच कोरडा कागद ठेवा, तेवढ्याने भागतं. मुंग्या आल्या म्हणजे अंथरूण कोरडं पडलंय. थोडं पाणी शिंपडा आणि परातीत बोटभर पाणी ठेवून विटा त्यात उभ्या करा. वास आला तर खाणं बंद, कागद-पुठ्ठा हाताने मिसळून मोकळं करा. दोन दिवसांत जातो. गांडुळं वर चढून कडेला जमली तर आत काहीतरी बिघडलंय: फार ओलं, फार आंबट किंवा गरम. पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले तर घाबरू नका, तेही कचराच खातात. जरा आंबट झाल्याची ती खूण. पाल मात्र गांडुळं खाते, म्हणून पोतं नीट झाकून ठेवा.

होळी झाली की नियम बदलतात. खाणं निम्म्यावर आणा. कुजणारा माल कमी म्हणजे आतली उष्णता कमी, आणि उन्हाळ्यात गांडुळं खातातही कमी. पोत्याच्या बाहेरच्या बाजूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, आत ओतू नका. मे महिन्यात पाण्याची बाटली गोठवून वरच्या पोत्याच्या घडीत दुपारी ठेवा. लाइट गेली तरी ती दोन-तीन तास पुरते. घरातली माणसं ज्या खोलीत कूलर लावून झोपतात, त्या खोलीचा कोपरा मिळाला तर याची गरजही पडणार नाही. आणि एवढं करूनही मे अवघड वाटला तर गांडुळांना माहेरी पाठवा. गावाकडे गोठ्याच्या सावलीत, चिंचेखाली, शेणाच्या ओल्या बेडमध्ये सोडा आणि पावसाळ्यात पाव किलो परत आणा. यात कमीपणा काही नाही.

खत अडीच-तीन महिन्यांत दिसायला लागतं: काळं, रवाळ, चहाच्या भुकटीसारखं. सगळा माल एका बाजूला सरका, मोकळ्या बाजूला नवं अंथरूण भरा आणि खाणं फक्त तिकडेच घाला. तीन-चार आठवड्यांत बहुतेक गांडुळं तिकडे जातात. जुन्या बाजूचं खत काढून सावलीत सुकवा, चाळा, आणि अंड्यांच्या त्या पिवळसर दाण्यांवर नजर ठेवा, ते परत टाका. कुंडीला महिन्यातून मूठ-दोन मुठी. तुळस, कढीपत्ता, मोगरा, गवती चहा, कशालाही. नुसत्या गांडूळखतात रोप लावू नका, मातीत पाचवा हिस्सा पुरे. परातीत काळं पाणी साठत असेल तर ते अमृत समजून बाटलीत भरू नका. त्याचा अर्थ तुम्ही जास्त पाणी घालताय. दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांना घाला, खायच्या पानांवर नको.

दही घालू नका. जिवाणू कचऱ्यात आणि शेणात भरपूर असतात, बाहेरून आणायची गरज नाही. दह्याने आंबटपणा, वास आणि माश्या येतात. त्याची कढी करा.

आणि चिरंजीवांना सांगा: दोन होत नाहीत. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब उरला तर कधी कधी तो जखम भरून जगतो, शेपटीकडचा मरतो. एक गांडूळ नर आणि मादी दोन्ही असतं, तरी पिल्लांसाठी सहसा दोन गांडुळं लागतात. मोठ्या गांडुळाच्या गळ्याजवळ जाडसर पट्टा दिसतो. तो आला म्हणजे ते वयात आलं, आणि अंड्यांचे कोष त्यातूनच तयार होतात. तुकडे करण्यापेक्षा त्याला हे पट्टेवाले मोजायला लावा. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधून रात्री पोतं उचललं तर गांडुळं पळत नाहीत, कारण लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. तो कागद कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.